काळं बी, लाल कांदा

नागपुरात महालातल्या एका जुन्या घराचं हे परस. विहिरीच्या कठड्याला लागून दोन वाफे. कोजागरी झाली की आजी संत्र्याची रिकामी पेटी काढतात. काळी माती, वाळू आणि शेणखत कालवून तिच्यात भरतात. नुसती काळी माती चालत नाही. ती वाळली की वर पापुद्रा धरतो आणि कांद्याच्या नाजूक कोंबाला तो फोडता येत नाही.

हे बी बघा. काळंकुट्ट, कोनदार, ग्रॅमभरात २५० ते ३०० दाणे. वाण भीमा शक्ती, राजगुरुनगरच्या संशोधन संस्थेचा, रब्बीला चालणारा. संकरित नाही, म्हणून त्याचं बी घरी धरता येतं. आणि ते धरावंच, कारण कांद्याचं बी फार दिवस जगत नाही. वर्ष उलटलं की उगवण झपाट्याने घटते. आजी म्हणतात, "मांगच्या सालचं बी घेऊन का करता? निघतच नाही थे."

बोटाने ओढलेल्या रेघा, जेमतेम अर्धा इंच खोल. वर चाळलेलं खत, झारीचं पाणी.

(दृश्य: कोंब, अगदी जवळून)

आठवा-दहावा दिवस. कोंब सरळ येत नाही. दोऱ्याच्या फासासारखा वाकून आधी त्याचा बाक मातीबाहेर येतो, मग टोक सुटतं आणि तो उभा राहतो. टोकावर बियाचं काळं टरफल अजून तसंच. एवढं टिपायला आम्हाला तीन पहाटा लागल्या.

सात आठवड्यांनी रोपं वाफ्यात गेली. मार्च सरता सरता पातीच्या माना पडल्या, पाणी तोडलं, घरापुरते कांदे निघाले.

आजींचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या या सहा झाडांवर. गेल्या वर्षीचे निवडक कांदे त्यांनी दिवाळीनंतर पुन्हा पुरले होते. कांदा बी देतो तो दुसऱ्या वर्षी. हे पोकळ दांडे, म्हणजे डेंगळे, आणि माथ्यावर पांढऱ्या फुलांचे चेंडू. प्रत्येक फुलातले पराग आधी झडतात, स्त्रीकेसर मागून तयार होतं. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावे लागतात, आणि मधमाशी आली नाही तर दाणा भरत नाही. म्हणून या परसात फवारणीचं औषध येत नाही.

(थोडा वेळ फक्त मधमाश्यांचा आवाज)

एप्रिलच्या उन्हात बोंडं तडकतात. सुपात झटकायचं, हलक्या हाताने पाखडायचं, पुरचुंडी बांधून वर सालाची चिठ्ठी. तळहाताच्या रेषांत अडकलेले दोन-चार दाणे आजी नखाने काढतात. तेही पुरचुंडीत.