न हलणारं टेबल

नमस्कार मंडळी.

मृग तोंडावर आला की आपल्याकडे कोणत्याही गावात एक दृश्य हमखास दिसतं. वखराची पास, म्हणजे माती कापणारं लोखंडी पातं, वाकलेली, लोहाराकडे गर्दी, आणि घरधनी उंबऱ्याच्या दगडावर पास ठेवून घणाने ठोकतोय. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पुढे वेल्डिंग मशीन घेतलं, ग्राइंडर घेतला, तरी काम आपलं जमिनीवर उकिडवं बसूनच. कंबर गेली तेव्हा कुठे उभ्याने काम करायचं लोखंडी टेबल सुचलं.

पहिलं टेबल मी स्वस्तात उरकलं. पातळ चौकोनी पाइप, वर ५ मिलिमीटरची प्लेट. वाइसमध्ये, म्हणजे टेबलावर बसवलेल्या शिकंज्यात, पास धरून पाना लावला की पासऐवजी टेबलच फिरायचं. शेजारचे काका बघायला आले, हात लावून म्हणाले, "काबे, हे टेबल हाय का पायना?" पायना म्हणजे पाळणा. ते टेबल आता ढेपेची पोती ठेवायला आहे.

दुसऱ्या वेळी मी वजनाकडे बघितलं. पोलादाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड, म्हणजे ७.८५ किलो. पाच फूट बाय अडीच फुटाची १० मिलिमीटर प्लेट ९१ किलोच्या आसपास भरते. खाली ६५ बाय ६५ बाय ६ मिलिमीटरचा अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, साधारण १४ मीटर लागला, मीटरला पावणेसहा किलो धरा. सगळं मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात. ठोकणाऱ्याला हाच वजनाचा आधार. प्लेट मला भंगारात मिळाली, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची. भंगारात रेल्वे रुळाचा तुकडाही दिसतो, ऐरणीला झकास. पण विक्रेत्याकडे त्याचे कागद नसतील तर हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे.

आता खरी मेख. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. पहिल्या टेबलाला मी प्लेटच्या चारही बाजूंनी सलग वेल्ड मारला होता, मजबूत होईल म्हणून. सकाळी बेअरिंगचा छर्रा प्लेटवर ठेवला, तो घरंगळत मधोमध जाऊन थांबला. कोणत्याही काठावरून सोडा, मधेच. प्लेटची परात झाली होती.

म्हणून सांगाडा आधी नुसता टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर, उभा करा. मग दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. फरक निघाला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडी मारा, टाका लवतो. कर्ण सारखे झाल्यावरच पूर्ण वेल्ड, तोही एका कोपऱ्यात थोडा, मग तिरप्या समोरच्या कोपऱ्यात थोडा. घाई नको, मधे चहा घ्या. वरची प्लेट तर मी वेल्ड केलीच नाही, खालून बोल्टने आवळली. उद्या झिजली तर उलटी करता येते.

उंची? सरळ उभे राहा, कोपर वाकवा. वाइसचा जबडा कोपराइतका आला की कानस चालवताना खांदा भरत नाही. वाइस टेबलाच्या पायाच्या अगदी वर बसवा, मधे नको.

आणि आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच्या फरशीचं काही खरं नाही. माझ्या शेडचा एक कोपरा आषाढात वर येतो आणि चारातला एक पाय अधांतरी राहतो. म्हणून प्रत्येक पायाखाली जाड पट्टी, तिला २० मिलिमीटरचा नट वेल्ड केलेला, त्यात खालून बोल्ट आणि घट्ट धरायला चेक नट. पाना घ्या, अर्धा फेरा द्या, टेबल बसलं.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. दिवाळीनंतर आपल्या घरात खोलीभर कापूस असतो. ग्राइंडरची ठिणगी पंधरा-वीस फूट सहज जाते, आणि कापूस लगेच पेटत नाही, आतल्या आत धुमसतो. तुम्ही जेवून झोपता तेव्हा तो उठतो. कापूस घरात असेपर्यंत हे काम घराजवळ करूच नका, अंगणाच्या टोकालाही नाही. जस्त चढवलेला पाइप वापरायचा तर वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर बसा. तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सांगाड्याला रेडऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, द्या. वरच्या प्लेटला रंग नको. रंगावर अर्थिंगचा क्लँप धरत नाही, वेल्डिंग तुटक होतं. मग पावसाळ्यात गंजू नये म्हणून आठवड्याला फडक्याने जळकं ऑइल पुसायचं. त्याने प्लेट चांगली राहते, पण ते सदऱ्याच्या पोटावर बरोबर टेबलाच्या उंचीला लागतं आणि कशानेही निघत नाही. आमच्या घरी त्यावरून दर रविवारी बोलणी बसतात, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. नमस्कार.