मोठ्या बाई मागच्या बाकावर

(दृश्य : सकाळ. नवी मुंबईतल्या दिघा गाव स्थानकाबाहेरचा रस्ता, दप्तरं घेतलेली मुलं.)

सातला दहा कमी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून रात्रपाळीची माणसं घरी परतताहेत आणि त्याच रस्त्यानं मुलं शाळेकडे निघाली आहेत. कुणाचे वडील नाक्यावर कामाची वाट बघत उभे, कुणाची आई ऐरोलीत चार घरची कामं उरकायला गेलेली. या घरांत मराठी आहे, कन्नड आहे, भोजपुरी आहे. अभ्यास घेणारं कुणी नाही, आणि शिकवणीला पैसे नाहीत. जे शिकायचं ते शाळेतल्या पाच-साडेपाच तासांत. ते तास वाया गेले, तर त्यांची भरपाई कुठेच होत नाही.

फाटकाशी मोठ्या बाई उभ्या आहेत. ‘मुख्याध्यापिका’ हा शब्द इथे फक्त ऑफिसच्या पाटीवर.

(दृश्य : पाचवीचा वर्ग. गणिताचा तास.)

परिपाठ संपला. बाई ऑफिसकडे न वळता पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. फळ्यावर अपूर्णांक. सर तरुण आहेत, मन लावून शिकवतात, अक्षर सुरेख. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे तेच चार हात वर होतात आणि तास पुढे सरकतो. बाई शेजारच्या मुलीची वही बघताहेत. हळूच तिला विचारतात, एक छेद तीन मोठा की एक छेद चार? मुलगी म्हणते, एक छेद चार. का गं? तर, तिनापेक्षा चार मोठा म्हणून.

मधल्या सुट्टीत बाई सरांना म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं. पण मागच्या तीन बाकांनी नुसता फळा उतरवून घेतलाय. उद्याचा तास आपण दोघं मिळून घेऊ या का?”

दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच लांबीच्या कागदी पट्ट्या कापून आणल्या. एकीचे घड्या घालून तीन भाग, दुसरीचे चार. निम्मा तास बाईंनी शिकवलं आणि सर मागे बसले. मग खडू सरांच्या हातात. त्या मुलीनं दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, पुन्हा ठेवले, आणि शेजारणीला दाखवले.

हे बघताना मला माझी शाळा आठवत होती. मुख्याध्यापक दारात दिसले की शिकवणाऱ्यांचा आवाज बदलायचा, आम्ही ताठ बसायचो. ते पाठाचं टाचण बघायचे, सही करायचे, निघून जायचे. त्या भेटीनंतर एकाही शिक्षकाचं शिकवणं बदललेलं मला आठवत नाही.

व्हिव्हियन रॉबिन्सन या न्यूझीलंडच्या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं. मुख्याध्यापक जी वेगवेगळी कामं करतात, त्यांतल्या कशाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो? अनेक अभ्यास एकत्र ठेवल्यावर सर्वांत वरचढ ठरलं ते शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणं. अमेरिकेतल्या संशोधनाचा असाच एक मोठा आढावा २०२१ मध्ये निघाला. कमी प्रभावी मुख्याध्यापकाच्या जागी अधिक प्रभावी मुख्याध्यापक आला, तर एका वर्षात मुलांच्या शिकण्यात गणितात सुमारे २.९ महिन्यांची आणि वाचनात २.७ महिन्यांची भर पडते, असा त्याचा अंदाज. आकडे तिकडचे आहेत, दिघ्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण चांगल्या शिक्षकाचा हात एका वर्गावरून फिरतो, मुख्याध्यापकाचा सगळ्या वर्गांवरून, हे इथेही तितकंच खरं.

(दृश्य : ऑफिस. टेबलावर रजिस्टरं, वाजणारा फोन.)

वर्गात असं बसायला वेळ लागतो, आणि तोच या टेबलावर संपतो. तांदळाचा साठा, पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर भरायची शाळेची-मुलांची माहिती, आधार न जुळलेल्या मुलांची यादी, ‘दुपारपर्यंत माहिती पाठवा’ असा मेसेज. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक द्यायचा. सहावी ते आठवीला १०० च्या वर मुलं असतील तर तो पूर्णवेळ हवा. पद रिकामं राहिलं की एखादे ज्येष्ठ शिक्षक प्रभारी होतात. मग त्यांच्याच वर्गावर बदली तासिका लागतात. शाळेला अर्धा मुख्याध्यापक मिळतो आणि एका वर्गाचा शिक्षक जातो. मला हा व्यवहार फार महाग वाटतो.

कागद वाढवून हे भरून निघत नाही. मध्य प्रदेशात सरकारी शाळांचं मूल्यमापन करून शाळागणिक सुधारणेचे आराखडे बनवण्याचा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह यांनी त्याचा अभ्यास केला. आराखडे झाले, मुलांचं शिकणं होतं तिथेच राहिलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुख्याध्यापकांकडूनही वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवतं. त्यातले निदान १० तास मागच्या बाकावर बसून, शिक्षकांसोबत पाठ रचून मोजले जावेत, असं मनापासून वाटतं.

या शाळेतल्या मोठ्या बाईंनी स्वतःपुरता एक नियम केला आहे. पहिल्या दोन तासिका फोन ड्रॉवरमध्ये. त्यामुळे त्यांना वरून बोलणीही खावी लागतात. माहिती मग शाळा सुटल्यावर भरली जाते, कधी घरी नेऊन.

(दृश्य : शाळा सुटलेली. रिकामा व्हरांडा. बाई लॉगबुक लिहिताहेत.)

साडेबारा वाजून गेलेत. दारात पाचवीचे सर उभे आहेत, हातात सातवीचं गणिताचं पुस्तक.

“बाई, उद्या दुसऱ्या तासाला सातवीत याल का? कोन शिकवायचेत. मागचे बाक माझ्या हातून सुटतात.”

बाईंनी लॉगबुक मिटलं आणि समोरची खुर्ची पुढे ओढली.