यहूदाचा चेहरा

श्रोतेहो, नमस्कार. वसईत, गोव्यात, मुंबईच्या गावठाणांत कितीतरी ख्रिस्ती घरांत जेवणाच्या टेबलाजवळ प्रभूच्या शेवटच्या भोजनाची तसबीर असते. आज तिच्यातला एकच चेहरा पाहायचा. ख्रिस्ताचा घात करणाऱ्या शिष्याचा, यहूदाचा.

मूळ चित्र मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठात, भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. लिओनार्दो दा विंचीनं ते साधारण १४९५ ते १४९८ मध्ये काढलं. भिंतीवर चित्र काढायचं, तर गिलावा ओला असतानाच रंग भरायची तेव्हाची रीत. लिओनार्दोला ती घाई नको होती. त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं. कोरड्या, हे लक्षात ठेवा. त्यामुळे त्याला हवं तेव्हा थांबता यायचं.

आणि तो थांबायचा! चरित्रकार वसारीनं लिहिलेली हकीकत ऐका. लिओनार्दो अर्धा अर्धा दिवस चित्रासमोर नुसता उभा. मठाचे प्रमुख वैतागले. बागेतले मजूर कुदळ खाली ठेवत नाहीत, मग यानं कुंचला का ठेवावा? तक्रार थेट मिलानचा सत्ताधीश ड्यूक लुदोविको स्फोर्झाकडे गेली. लिओनार्दो त्याला म्हणाला, प्रतिभावंत हातानं कमी काम करतात, तेव्हाच मनानं जास्त करत असतात. दोन चेहरे राहिलेत. ख्रिस्ताचा या पृथ्वीवर शोधून मिळणार नाही. यहूदाचा शोधतो, नाहीच मिळाला, तर मठाच्या प्रमुखांचा आहेच! ड्यूक पोट धरून हसला. प्रमुख मुकाट्यानं बागेतल्या मजुरांकडे वळले.

डोक्यावर उभं राहून कामाचे तास मोजणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवावी, असं मला फार वाटतं. घराला रंग देणाऱ्याची पुट्टीसुद्धा आपण धड वाळू देत नाही.

पण कोरड्या भिंतीवरचा रंग टिकला नाही. लिओनार्दोच्या हयातीतच तो बिघडू लागला. १६५२ मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं, त्यात ख्रिस्ताची पावलं गेली. म्हणून जुन्या नकला मोलाच्या. लिओनार्दोचा शिष्य जाम्पिएत्रिनो याची १५२० च्या सुमाराची नक्कल लंडनच्या रॉयल अकादमीच्या संग्रहात आहे. तिच्यात पावलं शाबूत आहेत.

तेव्हा तसबीर उतरवा, काच पुसा. डावीकडून चौथा तो यहूदा. मुठीत पैशांची थैली, चेहरा सावलीत. कोपराशी मीठ सांडलेलं स्पष्ट दिसतं का? टेबलाखाली प्रभूची पावलं आहेत का? पावलं असली, तर तुमची तसबीर आजच्या भिंतीच्या फोटोवरून नव्हे, जुन्या नकलेच्या वंशातून आलेली. नवी घेताना मी तरी पावलांचीच मागेन.