चांदीच्या उथळ्या, सोन्याचे आकडे

(दृश्य: उघडे माळरान, वाऱ्याने फुगणारी कनात)

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकातला इस्राएल लोकांचा निवासमंडप म्हणजे उकलून गाडीवर चढवता येणारे मंदिर. त्यातली प्रतीके शोधताना लोक थेट करूबांकडे, म्हणजे पंखधारी दिव्य आकृत्यांकडे, वळतात. आधी जोडणी बघावी. देवाशी जवळीक किती, हे इथे धातू आणि वीण सांगते.

बाहेरचे अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद. एक हात साधारण ४५ सेंटिमीटर. अंगणाच्या खांबांखाली कासे, आत मंडपाच्या भिंतींच्या फळ्यांखाली चांदी, आणि फळ्यांवर, कोशावर (कराराची पवित्र पेटी), दीपवृक्षात (दिव्यांचे फांद्यांचे झाड) सोने. दाराच्या पडद्यावर रंगीत भरतकाम आहे, पण करूब नाहीत. ते छतावरून भिंतींवर उतरणाऱ्या आतल्या कनातीवर आणि अंतरपटावरच (सर्वांत आतली खोली वेगळी करणारा पडदा), तेही विणतानाच कापडात उतरवलेले.

(दृश्य: एका फळीचा तळ. दोन कुसे, दोन उथळ्या)

फळ्या ४८. प्रत्येकीच्या तळाशी दोन कुसे (खाली निघालेले खुंट), आणि प्रत्येक कूस बसवायला एक उथळी, म्हणजे धातूची बैठक; म्हणून उथळ्या ९६. अंतरपटाच्या चार खांबांच्या चार धरून १००. प्रत्येक उथळीला एक किक्कार चांदी, सुमारे ३४ किलो. ही चांदी शिरगणतीतून आली. वीस वर्षांवरच्या ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी दिली: एकूण ३,०१,७७५. किक्काराला ३,००० शेकेल, म्हणजे १०० उथळ्या ओतून १,७७५ उरले. त्यांतून खांबांच्या आकड्या झाल्या. श्रीमंताने जास्त द्यायचे नाही, गरिबाने कमी नाही. अख्खा मंडप या सारख्या वाट्यावर उभा आहे. आमच्या मते संपूर्ण रचनेतले सर्वांत सुंदर प्रतीक हेच, आणि ते जमिनीलगत असल्याने नजरेतून सुटते.

प्रतिकृती करणारे अडतात ते फळीच्या जाडीवर. उंची १० हात, रुंदी दीड हात, एवढेच मजकुरात आहे. ज्यू परंपरेत जाडी एक हात धरतात. त्याने मागच्या भिंतीचे कोपरे नीट बसतात. पण बाभळीची तेवढी फळी टनभर भरते, आणि गणनेच्या पुस्तकात हे सामान वाहायला चार गाड्या व आठ बैल दिले आहेत. एका गाडीवर बारा टन, बैल दोन! पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याने जाडी चार बोटे सांगितली. काही अभ्यासक भरीव फळीऐवजी पोकळ चौकट मानतात, आणि आम्हालाही तेच पटते. बैलांना ओझे झेपते, शिवाय भिंतींवरून उतरलेल्या कनातीतले करूब आतून दिसतात. भरीव फळीआड ते झाकलेच जातील.

(दृश्य: छत, खालून)

कनातीचे पट्टे दहा, प्रत्येक २८ हात लांब, ४ हात रुंद. पाच-पाच जोडून दोन भाग. काठांना ५०-५० बिरडी (कापडी फासे), मध्ये सोन्याचे ५० आकडे. पहिला भाग दारापासून बरोबर २० हातांवर संपतो. आकड्यांची ओळ तिथे येते आणि अंतरपट तिच्याखालीच टांगायचा. कनात दाराबाहेर हातभर लोंबती सोडली, की ही ओळ पुढे सरकते आणि अंतरपटामागच्या परमपवित्र स्थानाचे माप बिघडते. ते स्थान लांबी, रुंदी, उंचीला दहा-दहा हात. आत कोश, त्यावर पंख पसरलेले दोन करूब. देवाची मूर्ती नाही. महायाजक वर्षातून एकाच दिवशी तिथे जाई.

(दृश्य: आरादचा किल्ला)

लाकूड-कापडाचे आज काही हाती नाही. दगडात मात्र बाहेरून आत जाणारी हीच चढण दक्षिण इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या आरादला दिसते. पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी १९६० च्या दशकात तिथे प्राचीन यहूदा राज्यातले देऊळ खणून काढले. अंगणात न घडवलेल्या दगडांची, सुमारे पाच हात चौरस वेदी. पुढचे दालन मंडपासारखे लांबट नाही, आडवे आहे. पायऱ्या चढून गाभारा, आणि त्याच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मोठीवर ऊद आणि चरबी सापडली, लहानीवर गांजा आणि शेण. चरबीने ऊद नीट पेटे. शेणाने गांजा मंद जळे. दोन्ही वेद्या खणताना मिळाल्या त्या फोडलेल्या नव्हत्या. आडव्या निजवून झाकून ठेवलेल्या होत्या.