खाली वाकून वेचायचं फळ

[दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. मातीवर पडलेल्या फिकट तपकिरी, कागदी पिशव्या.]

फळ तोडायला झाडाकडे हात नेऊ नका. या झाडाची काढणी म्हणजे मान खाली घालून वाफ्याभोवती फिरणं. पडलेली एक पिशवी उचलायची, सोलायची. आत गोटीएवढं, कधी त्याहूनही लहान, सोनेरी फळ. चव अननसाकडे झुकते की टोमॅटोकडे, यावर दोघांचं एकमत होणं अवघड.

कोणी रसभरी म्हणतं, कोणी चिरबोटी, कोणी पोपटी. नावांचा हा घोळ समजण्यासारखा आहे, कारण फायसॅलिस या वंशात जातीच पुष्कळ. अँडीज पर्वतातून आलेली, माणसाच्या छातीपर्यंत वाढू शकणारी जात वेगळी आणि जमिनीलगत पसरून लवकर फळणारी ग्राउंड चेरी वेगळी. चेरीशी दोघींचंही नातं नाही. घराणं टोमॅटो, वांगं, मिरचीचं.

[दृश्य: बोटावर ठेवलेलं बी. मोहरीहूनही बारीक.]

बी ट्रेमध्ये पेरा, वर अर्धा सेंटीमीटर माती पुरे. २५ अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर आठवड्या-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. उगवले नाहीत म्हणून माती उकरून बघण्याचा मोह बहुतेकांना होतोच. उकरू नका. रोपं सहा-आठ आठवड्यांची झाली आणि थंडीचा कडाका सरला, की भरपूर उन्हात लावा. दोन रोपांत दोन-तीन फूट अंतर ठेवा. आज ते जास्त वाटेल, पण फांद्या पसरल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही.

खताचा हात आखडताच ठेवावा. नत्र जास्त झालं की झाड पानांनी डवरतं आणि फळाला विसरतं. पानांवर बारीक भोकं दिसली तर ती उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्यांची करामत. कोवळ्या रोपांवर जाळी टाकली की बराचसा बचाव होतो.

[दृश्य: खाली मान घातलेलं पिवळं फूल, आत तपकिरी डाग.]

आता खरी गंमत. एकच झाड लावलं तरी फळ धरतं. याच वंशातल्या टोमॅटिलोला मात्र सोबतीला दुसरं झाड लागतं. पाकळ्या गळतात, पण फुलाखालचा हिरवा निदलपुंज गळत नाही. तो फुगत जातो आणि इवल्याशा फळाभोवती कंदिलासारखा मिटतो. हीच ती कागदी पिशवी. ही युक्ती आजची नाही. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात सापडलेल्या जीवाश्मांचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीची फळं, पिशवीसकट! ती सापडली ते ठिकाण तेव्हा सरोवर होतं. हवा भरलेली पिशवी पाण्यावर तरंगत बी दूर नेत असावी, असा एक तर्क आहे.

[दृश्य: पिशवी हिरवी, मग पिवळट, मग तपकिरी.]

लावणीनंतर साधारण ७० दिवसांत ग्राउंड चेरीची पहिली फळं टपकू लागतात. उंच जातीला अधिक काळ लागतो. हिरवं फळ तोंडात टाकू नका. कच्च्या फळात आणि पाना-देठांत विषारी द्रव्यं असतात. खाली पडलेलं फळ अजून हिरवट असेल, तर पिशवीसकट टोपलीत ठेवा, काही दिवसांत रंग भरतो. न सोललेली पिकली फळं कोरड्या, थंड जागी काही आठवडे सहज टिकतात.

मोठ्या शेतीला हे असं टपकणं परवडत नाही. सैल पसरणारं झाड, बारकं फळ, वेचण्याची कटकट. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनाने, म्हणजे झाडाच्या जनुकांत नेमका बदल करून, ग्राउंड चेरीची फळं मोठी करून दाखवली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण घरच्या वाफ्याला कसली आलीय घाई? झाडाखाली गवताचं आच्छादन किंवा जुनं कापड अंथरलं, की वेचणी मुलंसुद्धा करतात, आणि टोपलीत पोचण्याआधीच निम्मी फळं संपवतात.

[दृश्य: पुढचा हंगाम. खुरपं हातात, वाफ्यात तण.]

सगळीच फळं काही हाती लागत नाहीत. पानांखाली लपलेली तिथेच कुजतात, बी मातीत मिसळतं. पुढच्या हंगामात तण काढता काढता मध्येच एक मऊ, लवदार पान दिसतं आणि खुरपं थांबतं.