मध्य आशियाचा नकाशा पाण्याच्या वाटेने वाचताना

विद्यार्थी मित्रहो, जगाचा प्रादेशिक भूगोल पहिल्यांदा शिकणाऱ्याच्या वहीत मध्य आशियाचे टिपण बहुधा पाच नावांनी सुरू होते: कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान. त्याखाली राजधान्या येतात, मग खनिजे. हे पाठ असायलाच हवे. परंतु हे पाच देश एकाच प्रकरणात का शिकायचे, याचे उत्तर त्या टिपणात सापडत नाही. म्हणून आज सीमारेषा थोडा वेळ बाजूला ठेवून आपण दोन नद्या पाहू.

अमूदर्या पामीरच्या बर्फातून निघते, सिरदर्या तिएनशानच्या. दोघी वाळवंटातून वायव्येकडे वाहतात आणि त्यांच्या वाटेत कोणताही महासागर येत नाही. त्यांचा नैसर्गिक शेवट अरल समुद्रात, म्हणजे खरे तर एका खाऱ्या सरोवरात होत आला आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या मैदानांत पाऊस फारच तुटपुंजा पडतो. डोंगरावरचे बर्फ मात्र नेमके उन्हाळ्यात, पिकांना तहान लागते तेव्हा वितळते, आणि त्याच पाण्यावर इथली शेती व शहरे शतकानुशतके उभी राहिली.

सोव्हिएत काळात या पाण्यावर कापसाचे फार मोठे ओझे टाकले गेले. 1954 मध्ये काराकुम कालव्याचे काम सुरू झाले आणि अमूदर्येचे पाणी तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात खोलवर नेण्यात आले. कालव्यांचा तळ बराचसा मातीचाच असल्याने पुष्कळ पाणी वाटेतच मुरले. जमिनीखालची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. आपल्याकडच्या कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. 1960 च्या सुमारास अरल समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे 68,000 चौरस किलोमीटर होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. मोयनाक या बंदरातल्या मच्छीमार नौका वाळूत रुतून राहिल्या, उघड्या पडलेल्या तळावरून मीठ आणि कीटकनाशके मिसळलेली धूळ गावांवर उडू लागली, आणि पाण्याचा सौम्य प्रभाव गेल्यामुळे आसपासचे उन्हाळे अधिक तापले व हिवाळे अधिक गारठले. प्राकृतिक आणि मानवी भूगोलाच्या वह्या वेगळ्या ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने यातले कोणते वाक्य कोणत्या वहीत लिहावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. उत्तर भागात 2005 मध्ये कोकअरल बांध पूर्ण झाल्यावर पाणी चढले आणि मासेही परतले; दक्षिणेचा मोठा भाग मात्र कोरडाच राहिला.

आता सीमा पुन्हा नकाशावर आणू. 1991 पूर्वी पाण्याची वाटणी एकाच देशाच्या, म्हणजे सोव्हिएत संघाच्या, आत होत असे: डोंगराळ किरगिझस्तानने उन्हाळ्यात खालच्या शेतांसाठी पाणी सोडायचे आणि हिवाळ्यात खालच्यांनी त्याला कोळसा व वायू पुरवायचा. स्वातंत्र्यानंतर हे इंधन बाजारभावाने विकत घ्यावे लागले. तेव्हा किरगिझस्तानने सिरदर्येच्या वरच्या प्रवाहाच्या, म्हणजे नारिन नदीवरच्या तोक्तोगुल धरणाचे पाणी विजेसाठी हिवाळ्यात अधिक सोडायला सुरुवात केली, आणि उझबेक शेतकऱ्याला ऐन हंगामात टंचाई जाणवू लागली. दोघांचीही गरज खरी आहे, हे ध्यानात ठेवूनच हा तंटा अभ्यासावा. फरगाणा खोऱ्यात, म्हणजे बाबराच्या जन्मभूमीत, ही गुंतागुंत सर्वाधिक दाट आहे. तीन देशांत वाटल्या गेलेल्या त्या खोऱ्याच्या दक्षिण कडेला सोख नावाचा भाग आहे. तो उझबेकिस्तानचा, चहूबाजूंनी किरगिझस्तानने वेढलेला, आणि तिथली वस्ती मुख्यतः ताजिकांची.

राहिला प्रश्न या प्रदेशाच्या कडेचा. अफगाणिस्तान 2007 पासून सार्कचा सदस्य आहे, आणि अनेक पाठ्यपुस्तके त्याला दक्षिण आशियात घालतात. अमूदर्येचा बराच मोठा टप्पा मात्र त्याच्याच उत्तर सीमेवरून वाहतो, आणि 2022 मध्ये तिथे कोश तेपा कालव्याचे काम सुरू झाले असून त्यात याच नदीचे पाणी वळवले जाणार आहे. पुढच्या तासाला येताना आपण प्रत्येकाने मध्य आशियाची दक्षिण सीमा पेन्सिलीने दोनदा आखून आणावी, एकदा राजकीय नकाशावर आणि एकदा नद्यांच्या नकाशावर. आपण तेथूनच पुढे जाऊ.