लाट येते, पाणी येत नाही

नमस्कार मंडळी. लहानपणी आमच्या तळ्यात बॉल पडला की आमचा एक ठरलेला उद्योग असायचा, बॉलच्या पलीकडे दगड मारत बसायचं, म्हणजे लाटा उठतील आणि बॉलला ढकलत काठाला आणतील. लाटा उठायच्या, काठाला येऊन पायाला लागायच्यासुद्धा, पण बॉल आपला तिथल्या तिथे वरखाली, वरखाली. शेवटी कुणाला तरी पाण्यात उतरावंच लागायचं.

तेव्हा कळलं नाही, पण फिजिक्समधली फार मोठी गोष्ट तो बॉल दाखवत होता. लाट पुढे जाते, पाणी नाही जात. पुढे जाते ती एनर्जी, दगडाने पाण्याला दिलेली.

समुद्रात पण हेच. खोल पाण्यातला कण लाटेसोबत गोल फिरतो, वर, पुढे, खाली, मागे, आणि जवळपास होता तिथेच परत येतो. एनर्जी किती म्हणाल तर लाटेची उंची १ मीटर असेल तर समुद्राच्या दर चौरस मीटरमागे साधारण १२५० ज्यूल, म्हणजे चाळीसेक फूट खोल विहिरीतून १० लिटरची भरलेली बादली वर ओढायला लागते तेवढी! आता उंची २ मीटर करा. बादल्या दोन नाही होत, चार होतात, कारण एनर्जी उंचीच्या वर्गाने वाढते. पावसाळ्यात समुद्रावर जाता ना, तेव्हा हे खरंच लक्षात ठेवा, कालच्यापेक्षा जरा मोठी दिसणारी लाट जरा नाही, खूप जास्त जोराने ओढते.

किनाऱ्याजवळ पाणी उथळ होतं तशी लाट स्लो होते, मागून येणारी एनर्जी कमी जागेत कोंबली जाते, लाट उंच होत जाते आणि शेवटी तिचा माथा पुढे कोसळतो. इथे मात्र पाणी खरंच पुढे धावतं.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवते? साध्या लाटेत वरवरचं पाणी हलतं, त्सुनामीत थेट तळापर्यंतचं सगळं पाणी हलतं. चार किलोमीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास जातो, विमानासारखा, पण तिथे ती इतकी बुटकी आणि इतकी लांबलचक असते की वरच्या बोटीला पत्ताही लागत नाही. सुमात्राजवळून निघून दोन-अडीच तासांत ती चेन्नईला पोचली, आणि उथळ पाण्यात शिरल्यावर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं.

आता हा माझा आवाज. माझ्या तोंडातली हवा काही तुमच्या घरी आलेली नाही, इथली हवा माइकपर्यंत नुसती थरथरली. पुढचा प्रवास रेडिओ लहरींचा, आणि त्यांना तर हवा पण लागत नाही, पाणी पण नाही, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रंच हलत पुढे जातात, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. मुंबईच्या ट्रान्समीटरवरून सुटलेली लहर पुण्याला पोचेपर्यंत तुमच्या रेडिओच्या स्पीकरमधून निघालेला आवाज वीतभरसुद्धा पुढे सरकलेला नसतो.